सात नंबरचा देव

सरकारी नोकरीत कोणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. कोणाच्या वाट्याला जमाबंदी येते, कोणाच्या वाट्याला आबकारी येते, आणि आबकारीवाल्यांची मुलं अंगानं भरतात. हणमंतरावांच्या वाट्याला दगड आले.

हणमंतराव आदिलाबादच्या तहसील कचेरीत अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकूनच, पण निजाम सरकारच्या राज्यात कारकुनाला अहलकार म्हटलं की त्याच्या अंगावर शेरवानी येते, डोक्यावर रुमी टोपी येते, आणि तो आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहू लागतो. शिवाय हणमंतराव उर्दू मिडल पास होते. ही गोष्ट ते स्वतःहून कधी सांगत नसत. फक्त बोलणं तिकडं वळेल एवढी व्यवस्था करत.

तर हैदराबादेहून हुकूम आला. मुलखात जागोजाग जुने कोरीव दगड आणि मूर्ती बेवारस पडल्या आहेत, ती सगळी सरकारची मालमत्ता आहे, प्रत्येक तहसिलीनं आपल्या हद्दीतले नग गोळा करून कचेरीच्या आवारात रयतेला बघता येतील असे मांडावेत, प्रत्येक नगावर समोरून दिसेल असा ठळक नंबर घालावा आणि त्यांची निगा राखावी. हिवाळा सरताना हैदराबादेचे एक मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येतील. तहसीलदार साहेबांनी हुकूम वाचून दाखवला तेव्हा सगळ्या अहलकारांनी माना खाली घातल्या. हणमंतराव तेवढे खिडकीतून बाहेर बघत होते, कारण बाहेर दोन बैलांची झुंज लागली होती. साहेब म्हणाले, हणमंतराव बाहेर बघत आहेत, तर हे बाहेरचं काम त्यांनीच करावं.

काम साधं होतं, पण त्याला शेपूट होतं. साहेबांनी उठता उठता सांगितलं की मुआयन्यात काही कमीजास्त निघालं तर बेज्जूरच्या कचेरीत एक जागा रिकामी आहे. बेज्जूर हे नाव आदिलाबादच्या कचेरीत मोठ्यानं घेत नसत. प्राणहितेच्या अंगाचं ते जंगल, तिथं दिवसाढवळ्या वाघ आणि बाराही महिने हिवताप. सुधाकरराव नावाचे एक अहलकार साहेबांच्या कागदावर दौत सांडल्याबद्दल तिकडं गेले होते. परत आले ते पिवळे होऊन, आणि तेव्हापासून भर वैशाखातसुद्धा ते घोंगडी पांघरून कचेरीत बसत. त्यांच्याकडं नजर गेली की कोणीही आपली दौत हळूच मागं सरकवत असे.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही की नवऱ्याकडं बघितलं नाही. "मी बेज्जूरले येनार नाई, आत्ताच सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "तुमी जा वाघाजवळ. मी माहेरी जाईन."

हणमंतरावांनी कामाला लागायचं ठरवलं.

गावोगावचे लोक दगड द्यायला कुरकुर करतील अशी त्यांना धास्ती होती, पण झालं उलटंच. बहुतेक मूर्तींचं काही ना काही तुटलेलं होतं, आणि तुटक्या मूर्तीची पूजा करत नाहीत, त्यामुळं कोणालाच त्यांचं काही वाटत नव्हतं. लोकांनी शिंग तुटलेला नंदी आनंदानं दिला. डोकं नसलेली एक बाई दिली. एका गावानं तर सोबत आपल्याकडचं फुटकं जातंही देऊ केलं, आणि ते कलाकुसरीचं नाही हे पटवताना हणमंतरावांचा अर्धा दिवस गेला.

खोळंबा झाला तो तलमडुगुला. तिथं चंपतराव नावाचे कापसाचे शेतकरी होते, त्यांच्या विहिरीपाशी एक धडधाकट वीर पालथा पडला होता. हातात तलवार, ओठावर झुपकेदार मिशा, नाकडोळे शाबूत. उताणा केल्यावर दिसला म्हणून एवढं कळलं, एरवी चंपतरावांच्या बायकोला, जयवंताबाईंना, त्याची पाठ तेवढी ठाऊक. लग्न होऊन आल्यापासून त्या त्याच पाठीवर धुणं आपटत होत्या. चंपतराव म्हणाले, घेऊन जा, गाडीही माझीच न्या. जयवंताबाई मात्र दगडावरून उठल्या नाहीत.

"दगड न्या, नाई कोन म्हन्ते," त्या म्हणाल्या. "पन मंग मी धुनं कायच्यावर आपटू, सरकारच्या डोक्यावर?"

सरकारी हुकुमात मूर्ती न्यायची सोय होती, बदली धुण्याचा दगड द्यायची नव्हती. हणमंतरावांनी हुकूम दोनदा वाचला. शेवटी, आपल्याला अडून बसलेल्या बाईपुढं हात टेकावे लागले असं कचेरीत कोणी म्हणू नये म्हणून, त्यांनी आपल्याच घरच्या मोरीतला दगड देऊन टाकला. चांगला काळाभोर, सपाट, सुभद्राबाईंच्या सासूच्या वेळचा दगड होता तो. सुभद्राबाईंना हे कळलं. त्या दिवसापासून हणमंतरावांची धोतरं नीट धुतली जाईनाशी झाली.

सगळे नग कचेरीच्या आवारातल्या निंबाखाली ओळीनं उभे केले आणि नंबर घालायची वेळ आली. इथून पुढं जे झालं त्यात हणमंतरावांचा दोष किती आणि रंगाचा किती हे अजून कोणाला ठरवता आलेलं नाही. कचेरीत रंग नव्हता. रंग मागवायचा तर हैदराबादेला लिहावं लागे, आणि हैदराबादेहून रंग येईपर्यंत नंदीला दुसरं शिंग फुटलं असतं. म्हणून त्यांनी गेरू लावून पाहिला, तो दवानं उतरला. चुना लावला, त्याचे पोपडे सुटले. मग त्यांच्या ओसरीवर शेजारी जमले, आणि शेजारी जमले की सल्ल्याला तोटा नसतो. अमृतराव वकील म्हणाले, छिन्नीनं खोदून टाका, सरकारनं हरकत घेतली तर मी उभा राहतो. अमृतरावांची वकिली तेव्हा जरा मंद चालली होती. स्टेशनवरचे मालबाबू विठ्ठलराव म्हणाले, खोदायचं कशाला, रेल्वेत उत्तर आहे. आदिलाबादेला गाडी नुकतीच येऊ लागली होती, आणि तेव्हापासून जगातल्या कोणत्याही प्रश्नाला रेल्वेत उत्तर आहे अशी विठ्ठलरावांची खात्री झाली होती.

"पुलाच्या लोखंडाले काय लावतेत, पाह्यलं काय कधी?" त्यांनी विचारलं. "शेंदूर अन् जवसाचं तेल. पूर आला तरी निंगत नाई तो रंग."

हे अगदी खरं होतं. पुलाच्या लोखंडाला तोच रंग लावतात. हणमंतराव बाजारात गेले आणि त्यांनी दुकानदाराकडं शेंदूर मागितला. एवढा शेंदूर एकदम मागणारं गिऱ्हाईक दुकानदारानं आजवर पाहिलं नव्हतं. त्यानं तेलुगूत विचारलं, "ए देवुडु?", म्हणजे कोणता देव. हणमंतरावांनी आपल्या मोडक्या तेलुगूत सांगितलं की देव वगैरे काही नाही, सरकारी काम आहे. दुकानदारानं मान डोलवली, पुडी दोन्ही हातांनी दिली आणि वर थोडा कापूर घातला.

नंबर घालायला त्यांनी शुक्रवार धरला, कारण जुम्म्याची कचेरीला सुट्टी. निघताना सुभद्राबाईंनी अडवलं. त्या तेलकट रंगात चांगलं धोतर मी खराब होऊ देणार नाही, आणि झालं तर धुवायला दगड नाही, असं म्हणून त्यांनी एक विरलेला मुकटा काढून दिला. मुकटा रेशमी सोवळ्याचा, आणि तो पारोशानं नेसायचा नाही हा घरातला नियम, म्हणून आधी आंघोळ करावी लागली. असे हणमंतराव त्या सकाळी न्हाऊनधुऊन, मुकटा नेसून, उघड्या अंगावर जानवं रुळत, हातात शेंदराची तांब्याची वाटी घेऊन कचेरीत आले. नेमका बाजाराचा दिवस होता आणि रस्ता माणसांनी भरलेला होता.

कुंचला घरी राहिला हे त्यांना पहिल्या दगडापुढं उभं राहिल्यावर कळलं. त्यांनी बोटानंच काम भागवायचं ठरवलं. आता रोज देवाला गंध लावणाऱ्या माणसाचं कोणतं बोट पुढं येणार? करंगळीशेजारचंच आलं. समोरून दिसायला पाहिजे म्हणून जागा निवडली ती कपाळाची, कारण कपाळ सपाट असतं. कचेरीचा कारभार उर्दूत, तेव्हा आकडेही उर्दूच. उर्दू एक म्हणजे उभी रेघ. ती नंदीच्या कपाळावर गंधासारखी शोभून दिसली. उर्दू सात म्हणजे खाली टोक आणि वर उघडी चिमटी. तलमडुगुच्या वीराच्या कपाळावर तो आकडा उमटला तेव्हा रस्त्यावरचे तेलुगू लोक थबकले, कारण त्यांच्याकडचे वैष्णव कपाळी अगदी तसंच नाम लावतात. डोकं नसलेल्या बाईला कपाळ नव्हतं, म्हणून तिचा नंबर पायावर घातला. नंबर चुकू नये म्हणून हणमंतराव तोंडानं पुटपुटत होते. प्रत्येक नग झाला की चार पावलं मागं येऊन, तेलकट हात मुकट्याला लागू नयेत म्हणून ते छातीशी जोडून, डोळे बारीक करून बघत होते.

आता ही सगळी हकीकत ज्याला माहीत नाही त्यानं रस्त्यावरून काय पाहिलं असेल याचा विचार करावा. हणमंतरावांनी तो केला नाही. ते घरी जाऊन जेवले आणि समाधानानं झोपले.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली तेव्हा ओळीतल्या प्रत्येक दगडापुढं फूल होतं आणि सात नंबरपुढं नारळ फोडलेला होता. डोमाजी चपराशी खोबऱ्याचा तुकडा चघळत उभा होता. हणमंतरावांनी त्याला हा काय प्रकार म्हणून विचारलं. डोमाजीला त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. गावात होती तेव्हा ती दगडं होती, तो म्हणाला, पण सरकारनं आपल्या हातानं शेंदूर लावला म्हणजे सरकारला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे. सरकारला इतकं ठाऊक आहे असं मानणारा माणूस हणमंतरावांना प्रथमच भेटत होता, आणि तो कचेरीत नोकरीला होता.

तरीही चार दिवसांत लोक विसरले असते. पण धोंडीबा नावाच्या एका शेतकऱ्याचा बांधाचा खटला कित्येक वर्षं लोंबकळत होता. तो जाता जाता सात नंबरपुढं वाकला आणि आत गेला. नेमका त्याच दिवशी विरुद्ध बाजूच्या गाडीचा आस वाटेत मोडला, ती माणसं वेळेवर पोचली नाहीत, आणि निकाल धोंडीबाच्या बाजूनं झाला. मग काय विचारता. सात नंबरचा देव कज्जेखटल्याचा ठरला. एक नंबरकडं हरवलेली गुरं गेली. डोकं नसलेल्या बाईकडं डोकेदुखी गेली. जिला डोकंच नाही तिला डोकेदुखीतलं काय कळणार, असं हणमंतरावांनी दोन बायकांना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, तिनं ती कायमची घालवली, आणखी काय पाहिजे. वादात हरल्यासारखं वाटून ते निमूट आत गेले.

सगळ्यात जास्त चिडले ते अमृतराव वकील. पक्षकार आधी सात नंबरकडं जात आणि मग त्यांच्याकडं येत. जिंकले तर नारळ देवाला, हरले तर बोल वकिलाला. सरकारी आवारात परवान्याशिवाय वकिली चालू आहे, अशी तक्रार ते हणमंतरावांकडं रोज करत.

हणमंतराव हात बांधून बघत बसले असं नाही. त्यांनी स्वतःच्या वळणदार उर्दूत एक पाटी लिहून लावली की ही सरकारी मालमत्ता आहे, हात लावू नये. उर्दू वाचणारे तिथं येत नव्हते आणि येणाऱ्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. त्यांनी पाटीला हार घातला. मग हणमंतराव नंबर पुसायला गेले. पण रंग पुलाच्या लोखंडाचा, तो पुराला दाद देत नाही तिथं हणमंतरावांना काय देणार? त्यांनी चिंच लावली, राख लावली, ताक लावलं, आणि घागरीमागून घागर ओतून घासलं. अंगावर पुन्हा तोच मुकटा होता, कारण चांगलं धोतर देणार कोण? घासून झाल्यावर मागं वळून बघतात तर माणसं हात जोडून उभी होती, आणि एक म्हातारी पायाशी आलेलं ते ताकाचं पाणी ओंजळीत घेत होती.

त्या दिवसापासून गावात त्यांना कोणी अहलकार म्हणेना. बाजारात लोक वाकून रामराम करत आणि अभिषेक कोणत्या वारी असतो असं विचारत. पुजारीबुवा, ही हाक त्यांनी प्रथम ऐकली तेव्हा दुसऱ्या कोणाला असेल म्हणून मागं वळून पाहिलं होतं. उर्दू मिडल पास माणसाला पुजारीबुवा. त्यांच्या जिवाला हे फार लागलं. घरात जेवताना ते ताटाकडं बघून सुस्कारे टाकू लागले, पण सुभद्राबाईंना त्यांची कीव येण्यासारखी स्थिती नव्हती, कारण गल्लीतल्या बायका आता हळदीकुंकवाला त्यांना मानाचा पाट देत होत्या.

इकडं दगडांची स्थिती वाईट होत चालली. लोक तेल ओतत, तेलावर धूळ बसे, धुळीवर मुंग्या येत, आणि सात नंबरच्या मिशा दिसेनाशा झाल्या. तहसीलदार साहेबांनी हणमंतरावांना बोलावून खिडकी दाखवली. सरकारनं तुम्हाला निगा राखायला सांगितली होती, ते म्हणाले, आणि मुआयना आता तोंडावर आला आहे. बेज्जूरचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते नुसते सुधाकररावांच्या घोंगडीकडं बघत राहिले.

अशात चंपतराव आणि जयवंताबाई गाडी जुंपून आले. गाडीत सुभद्राबाईंचा धुण्याचा दगड होता. जयवंताबाईंनी तो डोमाजीकडून उतरवून घेतला, कचेरीच्या पायरीवर ठेवला आणि पदर खोचला.

"हा घ्या तुमचा दगड," त्या म्हणाल्या, "अन् आमचा देव द्या."

हणमंतरावांनी समजावलं की तो देव नसून सरकारी नग आहे, आणि देताना तुम्हीच त्याला दगड म्हणाला होता. जयवंताबाई म्हणाल्या, दगड आम्हीच म्हणालो, पण शेंदूर तुम्ही लावला. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकला नाही, रोज मी त्याच्या पाठीवर पाणी घातलं, साबण लावला. "इतकी सेवा कोनं केली सांगा," त्यांनी विचारलं. "अन् फळ त्या धोंडीबाले?" चंपतराव खाली बघत होते. आपल्या विहिरीपाशी एवढं मोठं कोर्ट पडून होतं आणि आपण बांधाचे दोन खटले हरलो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

देव काही मिळाला नाही. कापूस वेचायचा होता म्हणून चंपतराव परत गेले. जयवंताबाई मात्र गावातल्या बहिणीकडं राहिल्या, धुण्याचा दगडही त्यांनी आपल्याजवळच ठेवला, आणि रोज सकाळी येऊन सात नंबरपाशी ठाण मांडू लागल्या. त्यांनी त्याचं तेल खरवडून काढलं आणि कोणाला थेंबभर तेल ओतू देईनात. माझ्या देवाला साध्या पाण्याची सवय आहे, त्या म्हणत, तेल ओतायचं तर आपल्या घरच्या देवावर ओता. नंदीच्या गावच्या लोकांना हे कळलं तेव्हा त्यांना वाटलं, तलमडुगुवाले देवाचे मालक होतात आणि आपण मागं राहतो. तेही आले. त्यांनी नंदीचं तेल पुसलं आणि वर तट्ट्याचं छप्पर घातलं. ते बघून बिनडोक्याच्या बाईच्या गावानं भोवती कुंपण केलं. मग ज्यांनी दगड आनंदानं दिले होते ती सगळी गावं आपापल्या दगडाची राखण करायला आली, आणि एकमेकांकडं डोळे वटारत आवार झाडू लागली. हणमंतरावांच्या दृष्टीनं ही दंगलीची तयारी होती.

मुआयन्याच्या दिवशी ते उजाडायच्या आत कचेरीत गेले. हार आणि नारळ तरी उचलून टाकावेत एवढाच त्यांचा विचार होता. आवारात कोणी नव्हतं. सात नंबरच्या मिशा धुतल्यामुळं पुन्हा दिसत होत्या आणि त्याचा चेहरा बराच भला वाटत होता. हणमंतरावांना एकदम भरून आलं. आपण कोणाचं वाईट केलं नाही, साहेबांनी सांगितलं ते केलं, आणि त्याचं हे असं झालं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि टोपी काढली.

मागायचं तर बेज्जूर टाळ म्हणून मागावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण ज्याच्यावर आपण आपल्या बोटानं नंबर घातला त्या सरकारी नगाकडं सरकारी बदलीची रदबदली करणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तेवढी पायरी उतरायची नाही, असं त्यांनी ठरवलं. "माझी अब्रू राख," ते हळूच म्हणाले, "मी सगळ्या कचेरीसमोर तुला नारळ फोडीन." आणि पाऊल वाजल्यासारखं झालं म्हणून घाईघाईनं टोपी घातली.

हैदराबादेचे साहेब वयस्क होते, पांढऱ्या दाढीचे, हातात छत्री आणि खिशात भिंग. ते आवारात शिरले आणि ओळीवरून नजर फिरवत उभे राहिले. दगडांपाशी आपापल्या गावचे लोक पहाऱ्यासारखे उभे होते. साहेब सात नंबरजवळ गेले तेव्हा जयवंताबाई पुढं झाल्या. 

"साहेब," त्या म्हणाल्या, "जोडे तिकडं."

 तहसीलदार साहेबांनी डोळे मिटून घेतले. वयस्क साहेबांनी बाईंकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, आणि छत्री डोमाजीच्या हाती देऊन जोडे काढून ठेवले. मग खाली बसून त्यांनी भिंगातून त्या वीराची तलवार बघितली, मिशा बघितल्या, नखानं आकडा खरवडून बघितला. तो निघाला नाही. हा रंग कुठला, त्यांनी विचारलं. हणमंतराव चाचरत म्हणाले, पुलाचा. नंबर कोणी घातले? हणमंतराव म्हणाले, मी. आणि हे हार, हे नारळ? इथं मात्र हणमंतरावांची उर्दू मिडल कामाला आली.

"हुजूर," ते म्हणाले, "ये रिआया की मोहब्बत है." म्हणजे हे रयतेचं प्रेम आहे.

साहेब उठले. ते जे बोलले ते डोमाजी पुढं कित्येक वर्षं सांगत असे, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडे. पण मूळ बोलणं असं होतं की, मी गावोगाव फिरून आलो. कुठं दगड गवतात बुडाले आहेत, कुठं त्यांना म्हशी बांधल्या आहेत, कुठं दगड आहेत आणि नंबर नाहीत, कुठं नंबर आहेत आणि दगड नाहीत. इथं एकही नग हरवलेला नाही, सगळे धुतलेले आहेत, डोक्यावर छप्पर आहे, भोवती कुंपण आहे, आणि मला जोडे काढायला लावणारी रयत आहे. अशी निगा मी कुठं पाहिली नाही. सात नंबरला ही बाई सोडून कोणी हात लावू नये, असा हुकूमही त्यांनी तिथल्या तिथं दिला, आणि जयवंताबाईंनी त्यांना तो पुन्हा एकदा मोठ्यानं सांगायला लावला.

हणमंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूला सगळे अहलकार उभे होते, अमृतराव होते, विठ्ठलराव स्टेशन सोडून आले होते आणि रंगाची कल्पना रेल्वेची असल्याचं शेजाऱ्याला सांगत होते. वयस्क साहेबांनी सात नंबरपुढचा एक हार उचलला आणि स्वतःच्या हातानं हणमंतरावांच्या गळ्यात घातला. असा माणूस इथं वाया जातो आहे, ते तहसीलदार साहेबांना म्हणाले. बेज्जूरकडं जंगलात, प्राणहितेच्या काठानं, असे असंख्य दगड पडले आहेत आणि तिकडं जाणारा कर्तबगार माणूस सरकारला मिळत नव्हता. आज मिळाला. मी स्वतः शिफारस लिहितो.

सगळ्या कचेरीनं टाळ्या वाजवल्या. सुधाकरराव उठून आले, त्यांनी हणमंतरावांचा हात हातात घेतला आणि आपली घोंगडी त्यांच्या खांद्यावर ठेवली.

नवस फेडायचा होता. हणमंतरावांनी हार घातलेल्या गळ्यानं, शेरवानीत, सगळ्यांच्या देखत सात नंबरपुढं नारळ फोडला. तो एका फटक्यात फुटला. लोक म्हणाले, पुजारीबुवांचा हात चांगला आहे.

घरी सुभद्राबाईंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी रडारड केली नाही. फक्त, नवस काय बोलला होता, एवढं विचारलं. अब्रू राख म्हणून, हणमंतरावांनी सांगितलं.

"अन् बेज्जूरचं काऊन नाई मांगितलं?"

सरकारी बदलीचं दगडाला कसं मागायचं, ते म्हणाले.  सुभद्राबाई उठल्या आणि ट्रंक भरायला लागल्या. माहेरी जाईन म्हणाल्या होत्या, पण ट्रंकेत आधी हणमंतरावांची गरम बंडी गेली आणि तिच्यावर त्यांची स्वतःची लुगडी गेली. हणमंतरावांनी ते बघितलं आणि ते मनातून फार सुखावले. तोंडानं मात्र, बंडी नीट घडी करून ठेवा, एवढंच म्हणाले.

निघायच्या दिवशी सामानाची गाडी दाराशी लागली. जयवंताबाई डोमाजीला घेऊन आल्या. डोमाजीच्या खांद्यावर सुभद्राबाईंचा धुण्याचा दगड होता. आमचा आमच्या हाती आला, मग तुमचा आम्ही कशाला ठेवायचा, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो स्वतः गाडीत बसवून दिला. सुभद्राबाई आत गेल्या. कोनाड्यातल्या तांब्याच्या वाटीत थोडा शेंदूर उरला होता, त्यात त्यांनी जवसाच्या तेलाचे दोन थेंब टाकले, बाहेर आल्या, आणि धुण्याच्या दगडावर बोटानं एक उभी रेघ ओढली. उर्दू त्यांना येत नव्हतं, पण एकचा आकडा आता साऱ्या गावाला येत होता.

"आपला आपल्याजवळ असू द्या," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढून बसल्या.

गाडी हलली. वेशीपर्यंत हणमंतराव ताठ मानेनं लोकांचे रामराम घेत होते. वेस मागं पडली, रस्ता रिकामा झाला, गाडीवान बैलांशी बोलू लागला, तेव्हा त्यांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेजारच्या दगडाकडं वळून हात जोडले. या वेळी त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. बदली पाहिजे, ते म्हणाले, आदिलाबादची, आणि शक्यतो पावसाळ्याच्या आत. अब्रूचं मग बघता येईल.